कंपन्यांचें द्रव्य आणि गणित-शास्त्राचे शिक्षक
(ज्युबिलीनिमित्त मढ येथें भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवसांत पूर्वजांचें स्मरण करावें, देवळाच्या जुन्या भिंतींचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. आणि तें काम या स्मरणिकेंत इतर मंडळी माझ्याहून चांगलें करीत आहेत. सभेच्या चालकांनीं मजकडे जो विषय सोंपविला तो निराळा आहे. गणित व शास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांस संगणक, इंटरनेट इत्यादि नव्या साधनांचें शिक्षण मिळावें आणि त्याचा खर्च एखाद्या व्यापारी कंपनीनें सोसावा, ही गोष्ट इष्ट कीं अनिष्ट, आणि इष्ट असल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय कोणास कोरडा वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं आठवी-नववींतील मूल आहे आणि गणिताच्या शिकवणीसाठीं त्याला संध्याकाळीं बसनें मालाडपर्यंत धाडावें लागतें, त्यांस तो कोरडा वाटणार नाहीं.

शिवाय हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. एका कंपनीच्या वतीनें तशी विचारणा आपल्याकडे आली आहे. अद्याप कांहीं ठरलेलें नसल्यामुळें नांव सांगत नाहीं. आपल्या भागांतील गणित व शास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांस अंधेरी येथें पांच शनिवार शिकवावें, प्रत्येकास एक लॅपटॉप द्यावा, दोन वर्गांत मोठे डिजिटल फळे बसवावे. आणि त्याबदलीं कंपनीचें नांव वर्गाच्या दारावर लागावें व प्रत्येक मुलाची नोंद कंपनीच्या ॲपमध्यें व्हावी, असा तो प्रस्ताव आहे. कांहीं जण मला म्हणाले, "फादर, दारीं चालून आलेलें परत लावूं नका." दुसरे म्हणाले, "फादर, फुकट कोणी कांहीं देत नसतो." दोन्हीं म्हणणीं खरीं आहेत, आणि म्हणूनच घाई करून चालणार नाहीं.

'कंपनी' हा शब्द ऐकून आपण ईस्ट इंडियन लोकांनीं तरी दचकूं नये. आपल्या समाजाचें नांवच मुळीं कंपनीवरून पडलेलें आहे. राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, म्हणजे १८८७ सालीं, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. गोंव्याहून व मंगळुराहून नोकरीसाठीं येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण निराळे, येथले मूळचे रहिवासी, कंपनीच्या अंमलापासूनचे तिचे चाकर, हें सरकारच्या ध्यानीं यावें हा त्यांतला हेतु होता. गंमत अशी, कीं खुद्द ईस्ट इंडिया कंपनी १८७४ सालींच विसर्जित झाली होती. कंपनी गेली, नांव आपल्या कपाळीं राहिलें. वर्गाच्या दारावर नांव लावावयाचें कीं नाहीं याचा निर्णय करतांना ही गोष्ट आठवावी.

त्याच कंपनीकडे थोडें आणखी पाहूं, कारण आजच्या प्रश्नाचें बीज तेथें आहे. १८१३ सालीं विलायतेच्या पार्लमेंटानें कंपनीची सनद नवी करून देतांना अशी अट घातली, कीं कंपनीनें दरवर्षीं निदान एक लाख रुपये येथील लोकांच्या विद्येसाठीं बाजूस काढावे. व्यापारी मंडळीला कायद्यानें विद्यादान करावयास लावण्याचा आपल्या देशांतील हा पहिला प्रकार. पुढें काय झालें? सुमारें दहा वर्षें ती रक्कम बहुतांशीं पडूनच राहिली; कोणी, कोणास, काय शिकवावें हेंच ठरेना. पैसा असला म्हणजे विद्या होते असें नाहीं, हें तेव्हांच दिसून आलें.

आपल्या मुंबई इलाख्यांत मात्र एक मनुष्य निघाला. कंपनीच्या इंजिनियर खात्यांतील कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. त्यांनीं देशी शास्त्र्यांच्या साह्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत आणिले, शिक्षक तयार केले, आणि १८२६ सालीं ते तयार झालेले मराठी व गुजराती शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळा उघडण्यासाठीं पाठविले. येथें क्रम लक्षांत घ्यावा. आधीं शिक्षकाच्या भाषेंत पुस्तक झालें, मग शिक्षक झाला, आणि शाळा शेवटीं उघडली. आजच्या पुष्कळ योजनांत हा क्रम बरोबर उलटा असतो. आधीं यंत्र येतें, मग त्याच्या उद्घाटनाचें छायाचित्र निघतें, आणि शिक्षकाची आठवण मागाहून होते.

१८१३ नंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, २०१३ सालीं, आपल्या पार्लमेंटानें कंपन्यांचा नवा कायदा केला. त्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटींची, किंवा उलाढाल १,००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्च केली पाहिजे. शिक्षण हें त्या कामांपैकीं एक. कंपनी जेथें काम करते त्या परिसरास प्राधान्य द्यावें असेंहि कायदा म्हणतो. आणि सनदेच्या लाख रुपयांप्रमाणें हा पैसा पडून राहूं नये म्हणून पुढें असा बंदोबस्त झाला, कीं न खर्चलेली रक्कम कंपनीला आपल्या गल्ल्यांत ठेवतां येत नाहीं. चालूं असलेल्या कामासाठीं ती निराळ्या खात्यांत काढावी लागते, नाहीं तर सरकारनें ठरविलेल्या निधींत भरावी लागते.

हें मी इतक्या तपशिलानें सांगतों याला कारण आहे. आपल्यांतील पुष्कळांची समजूत अशी, कीं कंपनी आली म्हणजे ती उपकार करावयास आली. आपण हात जोडून उभें राहावें आणि देईल तें घ्यावें. तसें नाहीं. हा पैसा देणें तिचें कर्तव्य आहे. कोणास द्यावा एवढेंच तिच्या मर्जीवर आहे. दुसरें असें, कीं २२ जानेवारी २०२१ रोजीं या कलमाचे नियम सुधारण्यांत आले, आणि त्यांत स्पष्ट लिहिलें आहे कीं आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी, विक्रीस मदत व्हावी, अशा हेतूनें जें प्रायोजकत्व कंपनी पत्करते तें या २ टक्क्यांत धरलें जाणार नाहीं. तेव्हां कंपनीच्याच ॲपमध्यें प्रत्येक मुलाची नोंद व्हावी, ही अट दानाची कीं दुकानाची, असें आपण नम्रपणें विचारूं शकतों. विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. कायद्यानेंच तो प्रश्न आपल्या तोंडीं घातला आहे. आणखी, २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास आईबापांची संमति आवश्यक ठरविली आहे. ती संमति मुख्याध्यापकांनीं परस्पर देण्याची वस्तु नव्हे, आणि धर्मगुरूनेंहि नव्हे.

मोठ्या कंपन्यांनीं शिक्षकांसाठीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. संगणकाच्या चिपा बनविणाऱ्या इंटेल कंपनीनें २००० सालीं शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना अनेक देशांत सुरूं केली, ती आपल्या देशांतहि आली, आणि तिच्यांतून फार मोठ्या संख्येनें शिक्षकांनीं प्रथमच संगणकास हात लावला. मायक्रोसॉफ्टची 'प्रोजेक्ट शिक्षा' ही योजना त्यानंतर लवकरच आली. ऑगस्ट २०२० मध्यें, महामारीमुळें शाळांस कुलपें लागलेलीं असतां, महाराष्ट्र सरकारनें गूगलशीं सहकार्य करून गूगल क्लासरूम शिक्षकांच्या हातीं दिलें. त्या दिवसांत मुलांचा अभ्यास थोडाफार चालूं राहिला त्यांत या साधनांचा वांटा आहे, हें कोण नाकारील?

परंतु या तिन्हीं उदाहरणांत शिकविणारा आणि विकणारा एकच होता. येथें बसलेल्या नाखवांना मी काय सांगावें? व्यापाऱ्याकडून हंगामाच्या आरंभीं उचल घेतली म्हणजे सबंध हंगामाची मासळी कोणाच्या काट्यावर चढते, हें त्यांस ठाऊक आहे. उचल देणारा मनुष्य वाईट असतो असें नव्हे. कित्येकदां त्याच्यावांचून होडी पाण्यांत पडत नाहीं. पण भाव मग आपल्या हातीं राहत नाहीं. शिक्षकाचें तसेंच आहे. जो केवळ एका कंपनीचें साधन शिकला, तो त्या साधनाबाहेर विचार करावयास बिचकतो. आणि साधनाची मुदत संपली कीं त्याची विद्याहि संपते.

मुदत संपण्याचा एक प्रकार मीं स्वतः पाहिला आहे. पूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना तेथील शाळेस एका कंपनीनें मोठा डिजिटल फळा व त्यावर चालणारे शास्त्राचे पाठ दिले. दोन दिवस इंग्रजींत व्याख्यानें झालीं. शिक्षिका मराठी माध्यमाच्या. त्यांनीं सौजन्यानें माना डोलावल्या. फीत कापली, फोटो निघाले, प्रशस्तिपत्रें वांटलीं. तीन वर्षांनीं पाठांचा परवाना संपला, नूतनीकरणाचे पैसे द्यावयास कोणी नव्हतें, आणि ज्या मध्यस्थ संस्थेनें तें बसविलें होतें तिचा दूरध्वनि कोणी उचलीना. पुढें त्या फळ्यावर मुलांच्या नाटकाचा पडदा टांगीत असत. पडदा मात्र उत्तम टांगला जात असे, एवढें त्या कंपनीच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

आतां दुसऱ्या बाजूचें उदाहरण पाहूं, आणि त्यासाठीं फार लांब जावयास नको. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें तें सुरूं केलें. आरंभींचें द्रव्य सर दोराबजी टाटा ट्रस्टनें दिलें. प्रारंभ कोठें झाला? संगमरवरी इमारतींत नव्हे. नाना चौकांतील महापालिकेच्या एका शाळेंत. पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी हे पदार्थविज्ञानाचे संशोधक होते, आणि महापालिकेच्या व खेड्यांतील शाळांतील शिक्षकांबरोबर बसून काम करण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसरांत सत्तरच्या दशकांत केंद्रानें खेड्यांतील शास्त्रशिक्षकांबरोबर काम केलें. तेथें महागडें यंत्र कोणतें होतें? जवळजवळ कोणतेंच नाहीं. शिक्षक, त्याचा वर्ग, जवळ मिळतील त्या वस्तु आणि शहाणा सोबती, एवढ्यावर तें चाललें.

कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांच्या कामांतून निघालेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलें शास्त्रांत मागें पडतात तीं पुष्कळ वेळां विषय कठीण म्हणून नव्हे, तर पाठ्यपुस्तकाची भाषा कठीण म्हणून; भाषा सोपी केली कीं त्याच मुलांस तोच विषय अधिक समजतो, असें त्यांस प्रयोगान्तीं आढळलें. आपल्या घरांतून कोळी बोली व ईस्ट इंडियन मराठी बोलली जाते. पुस्तकांत 'अपवर्तन', 'संपृक्त', 'उत्प्रेरक' असे शब्द येतात तेव्हां मूल विषयाशीं झुंजत नसतें, शब्दाशीं झुंजत असतें. या अडचणीवर डिजिटल फळा हा उपाय नव्हे. उपाय म्हणजे तो शब्द त्या मुलाच्या बोलींत उकलूं शकणारा शिक्षक.

त्याच परंपरेंतलें अलीकडचें काम म्हणजे 'क्लिक्स'. २०१५ सालीं टाटा ट्रस्ट, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि अमेरिकेंतील एम. आय. टी. या तिघांनीं मिळून तें हातीं घेतलें. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण व मिझोराम या चार राज्यांतील सरकारी माध्यमिक शाळांत गणित, शास्त्र व इंग्रजी हे विषय संगणकाच्या साह्यानें शिकविण्याची ती योजना. तिचें वैशिष्ट्य हें, कीं शिक्षकास दोन दिवसांच्या व्याख्यानावर सोडून दिलें नाहीं. त्याच्यासाठीं टाटा समाजविज्ञान संस्थेचा पदव्युत्तर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम होता. शिक्षकांचे मोबाइलवर गट होते, त्यांत ते एकमेकांस अडचणी विचारीत. आणि तयार केलेलें साहित्य सर्वांस मोफत खुलें होतें. युनेस्कोचें २०१७ सालचें, बहरैनच्या राजे हमद यांच्या नांवाचें पारितोषिक या कार्यास मिळालें. देवनार व मानखुर्द येथील विद्वानांची बुद्धि मिझोरामच्या डोंगरापर्यंत पोंचली. ती मढपर्यंत अद्याप यावयाची आहे, आणि यांत दोष त्यांचा नाहीं. आपण कधीं बोलावलेंच नाहीं.

टाटा कंपनीचा पैसा आणि टाटा ट्रस्टचा पैसा यांत भेद आहे, तो समजून घ्यावा. टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारें दोनतृतीयांश भाग या धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत. नफा कंपनी मिळविते. पण दान कशास द्यावें हें ठरविणारे विश्वस्त संगणक विकावयास बसलेले नसतात. अमेरिकेंतहि असेंच एक उदाहरण आहे. कोलोरॅडो विद्यापीठांत नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थवैज्ञानिक कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं 'फेट' नांवाचा उपक्रम आरंभिला. विजेचें मंडल, लंबक, घनता, अपूर्णांक अशा विषयांचे हलतेबोलते प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करतां येतात. त्यांतील कित्येक मराठींतहि आहेत. मूल्य कांहीं नाहीं. त्याला साह्य करणाऱ्यांत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे एक संस्थापक विल्यम ह्यूलेट व त्यांच्या पत्नी यांच्या नांवाचें फाउंडेशन आहे. मात्र तो प्रयोग कोणत्याहि कंपनीच्या संगणकावर चालतो. उजव्या हातानें दिलेलें डाव्या हातास कळूं नये, ही शिकवण कंपन्यांस पाळणें कठीण. तिच्या जवळ जाणारें हें दान आहे.

कंपनी आणखी एक वस्तु देऊं शकते, ती म्हणजे माणूस. अरविंद गुप्ता हे पुण्यास टेल्कोमध्यें इंजिनियर होते. १९७८ सालीं त्यांनीं वर्षभराची अभ्यासरजा घेतली आणि मध्य प्रदेशांतील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यांत गेले. तेथें सायकलच्या व्हाल्वची रबरी नळी आणि आगकाड्या यांपासून भूमितीच्या आकृति करण्याची त्यांची युक्ति निघाली. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंत त्यांच्या खेळण्यांनीं किती शिक्षकांस शास्त्र शिकविलें याची गणती नाहीं. एका इंजिनियरची एक वर्षाची रजा! कोणत्या कंपनीच्या हिशेबाच्या वहींत ही देणगी मांडली गेली असेल?

आतां आपल्या मढकडे वळूं. यंत्रविद्या आपल्या शाळेंत येण्याआधीं आपल्या होड्यांवर आली आहे. जीपीएस आहे, मासळीचा थवा दाखविणारें यंत्र आहे, वायरलेस आहे. तांडेल तें सहज वापरतो, आणि त्याचा मुलगा शाळेंत अक्षांश-रेखांशाच्या प्रश्नावर अडतो. ही दरी भरून काढणारा शिक्षक मला हवा आहे. डोल लावणाऱ्या घरांत उधाण व भांग कोणास शिकवावें लागत नाहीं. जुन्या माणसांचा आडाखा असा, कीं तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ अदमासानें निघते. अष्टमीस सहा, चतुर्थीस तीन. हें प्रमाण आहे, गुणाकार आहे, चंद्राच्या गतीचें शास्त्र आहे. एखाद्या शिक्षिकेनें महिनाभराच्या भरतीच्या छापील वेळा मुलांकडून संगणकाच्या तक्त्यांत भरून घेतल्या, त्यांचा आलेख काढविला आणि आजोबांचा आडाखा किती मिनिटांनीं चुकतो हें मुलांस शोधावयास लावलें, तर त्यांत गणित आहे, शास्त्र आहे, संगणकहि आहे. याला महाग ॲप लागत नाहीं. पण ही गोष्ट सुचावयास आणि जमावयास शिक्षिकेला उसंत हवी, शिकविणारा हवा, आणि चुकली तर हंसणार नाहीं असा सोबती हवा. पैसा खर्चावयाचा तो यावर.

म्हणून त्या कंपनीस जें उत्तर पाठवावें असें मला वाटतें तें सांगतों. लॅपटॉप द्यावे, आम्हांस आनंद आहे. डिजिटल फळे तूर्त एकच पुरे. परंतु शिक्षण अंधेरीस नको, येथें मढलाच व्हावें. आठवडाभर शिकवून थकलेल्या बाईंनीं शनिवारीं तरीनें वेसाव्यास उतरावें, आणि पावसाळ्यांत तर बंद पडली म्हणजे मालाडवरून वळसा घालावा, हें कागदावर सोपें दिसतें. तिसऱ्या शनिवारीं निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. शिक्षण मराठींत व्हावें, आणि पांच दिवसांत न संपतां सबंध वर्षभर, महिन्यांतून एकदां, वर्गांत येऊन पाहणाऱ्या माणसाकडून व्हावें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकासाठीं वर्षास निदान ५० तासांचें शिक्षण सांगितलें आहे. तेवढा खर्च कंपनीनें उचलावा. साधनें खुलीं व मोफत असावीं. मुलांचीं नांवें ॲपमध्यें जाणार नाहींत.

दारावरच्या नांवाविषयीं मी तितका हट्टी नाहीं. लहानशी पाटी लावूं. पण योजना शाळेची असावी, कंपनीची नव्हे. अमेरिकेंत शाळकरी मुलांची एक प्रसिद्ध विज्ञानस्पर्धा आहे. १९४२ पासून तिला वेस्टिंगहाउस कंपनीचें साह्य होतें, १९९८ पासून इंटेलचें, आणि २०१७ पासून रीजेनेरॉन या औषधांच्या कंपनीचें. दाते दोनदां बदलले. स्पर्धा चालूं राहिली, कारण ती चालविणारी सोसायटी निराळी व स्थिर होती. उलट आपल्याकडे पाहा. २०१९ सालीं ज्या शिकवणीच्या कंपनीचें नांव क्रिकेटच्या राष्ट्रीय संघाच्या सदऱ्यावर झळकलें, ती बायजूज कंपनी २०२४ सालीं दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें उभी होती. दाता असा एकाएकीं गेला तरी आपल्या शिक्षिकेला शिकवितां आलें पाहिजे.

कंपनी या अटी मानील कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. न मानल्यास लॅपटॉप जातील, आणि आपल्यांतील कांहीं जण मला दोष देतील. तो मी घेईन. पण मानखुर्दच्या केंद्रास पत्र मीं त्याची वाट न पाहतां लिहिलें आहे, आणि तेथें जाण्यास दोन शिक्षिका व एक शिक्षक तयार झाले आहेत. ज्या दिवशीं ते जातील त्या दिवशीं त्यांचे वर्ग कोणी घ्यावयाचे, ही अडचण उरते. धर्मग्रामांत शास्त्रशाखेचे पदवीधर आतां कमी नाहींत. कांहीं बँकेंत आहेत, कांहीं जहाजावर जाऊन आलेले आहेत, एक-दोन भगिनी घरींच आहेत. महिन्यांतून एक सकाळ ज्यांना देतां येईल त्यांनीं येत्या रविवारीं मिस्सानंतर आपलीं नांवें कचेरींत द्यावीं. कोणता विषय व कोणती इयत्ता घेतां येईल तेंहि लिहावें. दहावीच्या बीजगणितासाठीं अजून कोणीच मिळालेलें नाहीं.